कॅसेटमधली आण

सरजाबाई माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याचं, ग्यानबांचं, तेरावं होऊन चार दिवस झाले होते. मी नुकती शाळेतून आले होते. आत या म्हटलं तरी त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर फरशीवर टेकल्या. इतकी वर्षं त्या अशाच बसतात.

"बाई, ती क्यासेट लावू देऊ नका," त्या म्हणाल्या.

"कोणती?"

"भुजंगरावची. टीव्हीत दाखविल्याली. योगीराजभाऊ हुडकून आणायलेत म्हनं."

"आणू द्या की. तुमच्याच बाजूची आहे ती. ग्यानबा त्यात बिल्डर शेठविरुद्ध बोलले आहेत ना?"

"तेच लावू देऊ नका."

एवढं बोलून त्या उठल्या आणि खाली गेल्या, कारण टाकी भरत आली होती. टाकी भरली की मोटार बंद करणं हे त्यांचं काम. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा साडेसहाला मोटारीचा आवाज आला होता. मी अंथरुणात पडून तो ऐकला आणि मग पाणी भरायला उठले. आम्ही सगळ्यांनीच पाणी भरलं.

आमचं अमृतकुंभ अपार्टमेंट गंगाखेडात स्टेशनकडच्या बाजूला आहे. तीन मजले, बारा घरं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी तीनच्या सुमाराला तिसऱ्या मजल्याची रस्त्याकडची गॅलरी जागेवरून सुटली. खाली येताना दुसऱ्या मजल्याची गॅलरीही घेऊन आली; पहिल्या मजल्याला त्या बाजूला गॅलरी नाही. वरच्या घरात कुणी नव्हतं, ते लोक मुलीच्या बाळंतपणासाठी सेलूला गेले होते. खाली ग्यानबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चाती फिरवत होते. मेंढरं सोडून पंचवीस वर्षं होत आली तरी लोकर कातायचा त्यांचा हात सुटला नव्हता.

मी शाळेत होते. फोन आला. मी चौथीचा तास चालू होता तो पूर्ण केला आणि मग निघाले. का पूर्ण केला ते मला सांगता येत नाही. मुलांना भागाकार शिकवत होते.

लोक अजून विचारतात, सरजाबाई रडल्या का. नाही रडल्या. बाया येऊन गळ्यात पडायच्या, त्या त्यांना पाणी आणून द्यायच्या.

आता कॅसेटचं सांगते. दोन हजार चार साली आमच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. त्या काळात आमच्याकडं केबलवर संध्याकाळी सात वाजता गावच्या बातम्या लागायच्या. अर्धा तास. मागं हिरवी साडी टांगलेली, पुढं एक टेबल, टेबलावर प्लास्टिकची फुलं. खाली पट्टीवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कापड दुकानाची जाहिरात सरकत राहायची. बातम्या वाचणारा, आणणारा आणि शूटिंग करणारा एकच माणूस, भुजंग. त्याचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. खांद्यावर घ्यायचा तो मोठा कॅमेरा, आणि माईकला थर्माकोलचा चौकोन चिकटवलेला, त्यावर चॅनलचं नाव. कुठं नाली तुंबली, कुठं बैल बेवारस सापडला, असल्या बातम्या. पण सात वाजले की गावात सगळी टीव्हीपुढं, कारण आपल्या ओळखीचं माणूस दिसायची शक्यता असायची.

एका संध्याकाळी त्यानं अमृतकुंभ दाखवलं. भिंतीजवळ उभा राहिला, खिशातून गाडीची चावी काढली आणि गिलाव्यावर नुसती टेकवून फिरवली. वाळू खाली आली. भुरभुर येतच राहिली. "प्रेक्षकहो," तो म्हणाला, "हा गिलावा आहे का सत्यनारायणाचा शिरा, ते आपणच ठरवा." गावात पुढं महिनाभर त्यावरच बोलणं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बैलगाडी मोडली, की म्हणायचे, 'अमृतकुंभाचा गिलावा निघाला.' मी आणि माझे मिस्टर तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होतो, आम्हीही हसलो. आमचं घर तिथंच घ्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांत शेठचा खुलासा आला, पुढच्या महिन्यात गिलावा नवा झाला, आणि आम्ही घर घेतलं. बाराच्या बारा घरं गेली. सगळ्यांनी बातमी पाहिलेली होती.

त्या बातमीत ग्यानबाही होते, तेव्हा ते बांधकामावर राखणीला होते. स्लॅबला भेगा पडल्या होत्या. पाणी मारता की नाही, असं भुजंगनं विचारलं आणि ग्यानबांनी शेठचं नाव घेऊन सांगितलं, पाणी पुरत नाही. शेठनं त्यांना कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर लोक म्हणाले असते, खरं बोलला म्हणून काढलं. इमारत झाल्यावर जिन्याखालची खोली त्यांनाच राहिली. गावात त्यांचं नाव 'टीव्हीवाले ग्यानबा' पडलं. वर कुणाच्या छताला ओल आली की ते खाली खुर्चीतून म्हणायचे, "मी तवाच सांगितल्तं. बिरोबाची आन घिऊन सांगितल्तं." आम्ही सगळे ऐकून घ्यायचो. माणूस सरळ होता आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

गॅलरी पडल्यावर चौकशी लागली. शेठ म्हणे, लोकांनीच नंतर तोडफोड केली असेल, बांधकाम पक्कं होतं. तेव्हा योगीराजभाऊंना ती बातमी आठवली. योगीराजभाऊ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, पहिल्या मजल्यावर राहतात. ते भुजंगला गाठून आले आणि मला जिन्यात भेटले तर चेहऱ्यावर तेज आलं होतं. "बाई, कॅसेट आहे त्याच्याकडं! आता शेठ कुठं जातो बघतो. देवाची आण घेऊन बोललेला माणूस आहे, आणि तोच मेलाय. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोणता?"

म्हणून त्या रविवारी मी जिन्याखालच्या खोलीत गेले. सरजाबाई ज्वारी निवडत होत्या. कोनाड्यात बिरोबाचा टाक, त्यावर भंडारा. मी आधी देवाला हात जोडले आणि मग बसले.

"का लावायची नाही कॅसेट, ते मला सांगा," मी म्हटलं. "मी कुणाला सांगणार नाही."

"सांगा की. सांगायचंच हाय." त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

त्यांचं माहेर, सासर दोन्ही राणीसावरगावच्या बाजूचं, दोन्हीकडं मेंढरं. लग्न झाल्यावरची सहा-सात वर्षं त्या पाल टाकून फिरल्या. धाकटी मुलगी कुठं झाली ते त्यांना गावाच्या नावानं सांगता येत नाही, 'हरभरा काढल्याला होता तिथं' असं सांगतात. मग एका साली रोगानं कळप निम्मा गेला. उरलेली मेंढरं त्यांच्या भावाच्या, बिरदेवच्या हवाली केली आणि दोघं बांधकामावर आले. ग्यानबा राखणीला आणि सरजाबाई पाणी मारायला.

पाणी मारणं म्हणजे काय, ते ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊक असतं. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी त्यावर बोटभर उंचीचे बांध घालून वाफे करतात, कांद्याला करतात तसे. पंधरा-वीस दिवस ते वाफे पाण्यानं भरलेले ठेवायचे. कोरडे पडले की स्लॅब तडकतो. शेठ टँकर पाठवायचा, टँकर खालच्या हौदात रिकामा व्हायचा, आणि हौदातून घागरीनं वर नेऊन वाफे भरायचे, हे सरजाबाईंचं काम.

"तिसरा स्लॅब टाकला आन मालक गावाकडं गेले," त्या सांगायला लागल्या. "सासूचा पाय मोडल्ता. आट दिस न्हवते. उन्हाळा लय. गंगेत नुसती वाळू. आन बिरदेव आला मेंढरं घिऊन. सत्तर मेंढरं, बाई. दोन दिस त्यांनी पान्याचं तोंड बगितलं न्हवतं. हितं समोर रोडला हुबी ऱ्हायली, आन हौद भरल्याला. टँकर सकाळीच वतून गेल्ता."

"मग?"

"मग मी झाकन काडलं."

वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"पाच दिस पाजलं. गाय पानी पिती तर आवाज येतो, म्हशीचा तर लांबनं येतो. मेंढरू गपचीप पितं. कुनाला कळलंबी न्हाई."

"आणि स्लॅब?"

"रोडच्या अंगानं दोन-दोन घागरी वतायचे. खालून वल्लं दिसावं म्हनून. शेठचा मानूस खालूनच बगून जायचा, तीन जिने कोन चडतंय. आतले वाफे कोरडे. सहाव्या दिशी मेंढरं गेली, मी वर गेले तर भेगाच भेगा. सिमिट कालवून बोटानं भरल्या. मालक आले. त्यांनी बगितल्या. म्हनले, शेठनं पानी कमी पाठविलं का गं? मी म्हनले, व्हय."

"तुम्ही त्यांना कधीच सांगितलं नाही?"

"सांगनार व्हते. रोज सांगनार व्हते. तर भुजंगराव आला क्यामेरा घिऊन. आन मालकानं आन घेतली बिरोबाची, की जेवढं पानी येतंय तेवढं समदं स्लॅबला घालतो म्हनून. मी मागंच हुबी व्हते. त्यांनी आन घेतली आन मग कसं सांगावं? सांगितलं तर आन खोटी. न्हाई सांगितलं तर बी खोटी, पर मला एकलीलाच ठाव."

मी म्हटलं, "जनावराला पाणी पाजणं हे पुण्याचं काम आहे."

"ते मला बी ठाव हाय." त्या जराशा चिडल्याच. "पाजल्याचं मी कुटं म्हनायलेय? आन खोटी पडली, ते म्हनायलेय. माजं पाप, आन तोंड त्यांचं. देवानं बगितलं ते तोंडच बगितलं असंल ना? आता ती क्यासेट लावली तर मेल्यालं मानूस पुन्यांदा खोटी आन घ्यायलंय. समद्यांम्होरं."

मी घरी आले. देवापुढं बसले, हरिपाठ काढला. पानं उलटली. काही वाचलं असेल, आठवत नाही.

योगीराजभाऊंना मी एवढंच म्हटलं की बाईंच्या मनाला लागेल, कॅसेट नको लावायला. ते म्हणाले, "बाई, मन नंतर बघू. उद्या माझ्या डोक्यावर स्लॅब आला तर?" त्यांच्या घराच्या वर माझं घर आहे.

पुढच्या रविवारी सकाळी योगीराजभाऊंच्या हॉलमध्ये सगळे जमले. भुजंग जुना व्हीसीआर दुरुस्त करून घेऊन आला. त्याचा आता फोटो स्टुडिओ आहे, केस पांढरे झालेत, पण बोलणं तेच. टेप लावली, तर टीव्हीवर नवरी दिसली. मंडप, वाजंत्री, नवरीची मावशी.

"हे काय लावलं?" योगीराजभाऊ म्हणाले.

"थांबा ना. पुढं आहे," भुजंग म्हणाला. "तेव्हा नवी टेप परवडत होती का? लग्न झालं की उरलेल्या टेपवर मी बातम्या घ्यायचो. लावून झाल्या की पुसून पुन्हा लग्न. तुमची बातमी वाचली ती या लग्नामुळं. पाहुणे कॅसेट न्यायलाच आले नाहीत. मोडलं महिनाभरात. मोडलेल्या लग्नाची कॅसेट कोण नेतंय?"

"मग पुढं पळव ना."

"पळवली तर तुटंल. बुरशी लागलीय. आहे तशीच बघावी लागंल."

म्हणून आम्ही ते सगळं लग्न पाहिलं. बारा घरांतली वीस-बावीस माणसं, मोडलेल्या संसाराच्या अक्षता, पंगत, रुखवत, सगळं. सरजाबाई दाराजवळ जमिनीवर बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आपण आल्या. योगीराजभाऊंच्या बायकोनं सगळ्यांना चहा दिला. पंगतीत एक माणूस दिसला तशी ती ओरडली, "अय्या, हे आपले सेलूचे काका! बघा तरी किती बारीक होते!" योगीराजभाऊ म्हणाले, "आपण चौकशीसाठी बसलोय, लग्नाला नाही." कुणीतरी हसलं. नवरी पाठवणीला रडत होती, वर सिनेमाच्या गाण्याची धून लावलेली होती. सरजाबाई ते बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघत होते.

मग एकदम चित्र हललं आणि अमृतकुंभ आलं. गच्चीचा स्लॅब टाकायचं काम चाललेलं. बाया डोक्यावर घमेली घेऊन सळयांच्या जाळीवरून चालत होत्या, जाळी पायाखाली दबत होती, एक माणूस कडेला उभा राहून बिडी ओढत होता. मग चावी, भिंत, वाळू. आणि मग ग्यानबा. कितीतरी तरुण. खांद्यावर घोंगडी, मिशा काळ्या. त्यांच्या मागं पदराचं टोक तोंडात धरून उभ्या असलेल्या सरजाबाई.

"काय ग्यानबा, पाणी मारता की नाही?" टीव्हीतला भुजंग म्हणाला.

हॉलमधल्या सरजाबाई उठल्या. कुणाला काही कळायच्या आत त्या टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाठ टीव्हीकडं, तोंड आमच्याकडं. चित्र झाकलं गेलं. आवाज येतच राहिला.

"शेठ जेवढं पानी पाठवितेत तेवढं समदं आमी स्लॅबला घालतो. बिरोबाची आन हाय मला. शेठच कमी पाठवितेत, त्याला आमी काय करावं?"

"बंद करा," सरजाबाई म्हणाल्या. "खोटं हाय ते. पानी मी मेंढरांना पाजलं."

भुजंगनं टेप थांबवली. मग सरजाबाईंनी मला सांगितलं होतं ते सगळं तिथं उभं राहून सांगितलं, त्याच क्रमानं, हौदाचं झाकण, सत्तर मेंढरं, दोन-दोन घागरी. आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. दुकानात यादी सांगावी तसं सांगितलं.

"वैनी," भुजंग म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझी एवढी एकच बातमी लोकांच्या ध्यानात आहे. तवाच सांगायचं ना."

"कुनी इचारलं?" सरजाबाई म्हणाल्या. "मी मागंच हुबी व्हते. तुमी माईक मालकाच्या तोंडाला लावला. पानी मी मारत व्हते."

योगीराजभाऊ म्हणाले, "झालं ते झालं. हे या खोलीच्या बाहेर जायला नको. सरजाबाई, तुम्ही दुःखात आहात, तुम्हाला काही सुचत नाही. शेठला हे कळलं तर तो म्हणेल, गॅलरी तुमच्यामुळं पडली, मेंढरांमुळं पडली. मग आपण सगळे बसलो घंटा वाजवत."

"म्हनू द्या," सरजाबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

भुजंग त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेला. मीही गेले. तो म्हणाला, "वैनी, तेवढा तुकडा पुसून टाकतो. कुणाला कळणार नाही."

त्या थांबल्या. "पुसू नका," त्या म्हणाल्या. "त्यात मालक हायेत. पर आन त्यांच्यावरनं उतराया पायजे. कागदावर लिवून घेतेत ना सायेब? तिथं सांगते."

चौकशीचे साहेब बुधवारी आले. पडलेल्या जागेखाली आणि वर जिथून गॅलरी सुटली होती तिथं त्यांनी बराच वेळ पाहिलं, फोटो काढले. मग आम्हाला बोलावून तुटलेली कड दाखवली. गॅलरीची सळई वरच्या अंगाला पाहिजे, ही खालच्या अंगाला आहे, म्हणाले. काँक्रीट टाकताना माणसं वरून चालली, सळई दबली, कुणी उचलून धरली नाही. गॅलरी इतकी वर्षं राहिली हेच नवल. कॅसेट पाहिली तेव्हा त्यांनी घमेली घेऊन चालणाऱ्या बायांचा तुकडा दोनदा लावायला सांगितला, बाकी काही नाही. "जशी वरची गच्ची टाकली तशीच खालची गॅलरीही टाकली असणार. हे पुरेसं आहे." ग्यानबांच्या बोलण्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. योगीराजभाऊंना केवढं बरं वाटलं.

मी धावत खाली गेले. खरंच धावत गेले, माझं वय काय, गुडघे काय. "सरजाबाई, पाण्यानं नाही पडली! सळई चुकीची होती. साहेब म्हणाले, पाण्याचा काही संबंध नाही. आणि उलट तुम्ही रस्त्याकडच्या अंगाला तर पाणी घातलं होतं, तिथंच तर गॅलरी होती."

"दिसन्यापुरतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. बिरदेवला सांगा, तो लय घाबरला हाय."

"तुमच्यामुळं काही झालं नाही. कळतंय ना?"

"कळलं की." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मी शाळेत ऐकत नसलेल्या मुलाकडं पाहते. "पर बाई, गॅलरीचं मी कवा म्हनले? सळई कशी बी असू द्या. आन तर तशीच हाय ना."

तेव्हा मला कळलं की मी दहा दिवस एक गोष्ट समजत होते आणि त्या दुसरीच सांगत होत्या. त्यांनी पहिल्या दिवशीच सरळ सांगितली होती.

जबाब योगीराजभाऊंच्या हॉलमध्येच घेतले. साहेब खुर्चीत, त्यांचा लिहिणारा टीपॉयजवळ. सरजाबाईंना आधी बोलावलं. मला साहेबांनीच थांबायला सांगितलं, बाईंना वाचता येत नाही, तुम्ही वाचून दाखवा म्हणून. सरजाबाईंनी सगळं सांगितलं. लिहिणाऱ्यानं लिहिलं. मग कागद माझ्या हातात आला आणि मी वाचलं: नाव, वय, राहणार, किती सालापासून कामावर, घटनेच्या दिवशी पती कुठे बसले होते, आवाज किती वाजता झाला. शेवटी 'वरील जबाब वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

"पान्याचं वाचलं न्हाई," सरजाबाई म्हणाल्या.

मी कागद पुन्हा वरून खाली पाहिला. "नाही," मी म्हटलं. "लिहिलेलं नाही."

साहेब चांगले होते, आवाज चढवून बोलले नाहीत. "बाई, त्याची गरज नाही. विषयाशी संबंध नाही त्याचा. उगीच समोरच्याच्या हातात कशाला द्यायचं?"

"मग मी आंगठा देत न्हाई."

योगीराजभाऊ दारात उभे होते, ते आत आले. "अहो सरजाबाई, किती वेळा सांगायचं? साहेब तुमच्याच भल्याचं सांगायलेत. करा अंगठा."

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. लिहिणारा पेन बोटांत फिरवत बसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही समजावून सांगा बरं यांना. शिक्षिका आहात."

मला समजावून सांगायचं होतं. बारा घरं होती, माझं एक होतं. माझे मिस्टर गेल्यापासून मी त्याच घरात आहे, दुसरीकडं जायला जागा नाही. मी सरजाबाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या, लिहिणाऱ्याच्या हाताकडं पाहत होत्या.

"एक ओळ लिहा, साहेब," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"जबाब त्यांचा आहे म्हणून."

योगीराजभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. पुढं दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. साहेब लिहिणाऱ्याला म्हणाले, घ्या लिहून. त्यानं लिहिलं आणि मी वाचलं: 'सन २००४ मध्ये स्लॅबकरिता आलेले पाणी मी माझ्या भावाच्या मेंढ्यांना पाच दिवस पाजले. ही गोष्ट माझे पती ग्यानबा यांना माहीत नव्हती. त्यांनी घेतलेली आण त्यांनी खरी समजून घेतली होती.'

"मदली वळ पुन्यांदा वाचा," सरजाबाई म्हणाल्या. "ते, ठाव न्हवती ते."

"'ही गोष्ट माझे पती ग्यानबा यांना माहीत नव्हती.'"

"नाव बरुबर लिवलंय?"

"बरोबर आहे."

त्यांनी हात पुढं केला. लिहिणाऱ्यानं अंगठ्याला शाई लावली. त्यांनी अंगठा कागदावर टेकवला आणि तसाच धरून ठेवला, लिहिणारा "बास, बास" म्हणेपर्यंत. मग शाई केसांना पुसली.

"बाई," उठता उठता त्यांनी मला हळू विचारलं, "लागू व्हतंय का हे? तिकडं, देवाकडं?"

मला माहीत नाही. मी रोज देवापुढं बसते, पण त्याच्याकडं कागद चालतात का, मेलेल्याच्या नावावरची आण जिवंत माणसाला उतरवता येते का, हे मला कधी कुणी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "होतं."

"मग झालं," त्या म्हणाल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या, योगीराजभाऊंच्या बायकोनं पुढं केलेला चहा नको म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

लिहिणाऱ्यानं नवा कागद काढला. साहेबांनी यादी पाहिली आणि पुढचं नाव घेतलं. ते माझंच होतं. मी सरजाबाई बसल्या होत्या त्या जागी बसले. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, घर घेताना बांधकामाबद्दल तुम्हाला काही माहिती होती का.

"होती," मी म्हटलं.